आमच्या गच्चीवरून दिसणारा तारा

विनयाने खडूचं टोक जिभेवर ओलं केलं आणि काळ्या चार्टपेपरवर चौथं फूल काढलं. पोटावर पालथी पडून, नाक कागदाला टेकेल इतकं खाली नेऊन ती फुलाच्या कडा बोटाने पुसत होती. कडा धुरासारख्या झाल्या, की समाधानाने पुढच्या फुलाकडे वळत होती. शेजारी शालिनी विळीवर बसून लाल गाजरं चिरत होती. तिने मान लांब करून पाहिलं.

"ये क्या है?"

"तारा."

"तारा ऐसा रहता है क्या? ये तो झेंडू का फूल है."

"गेंदा," विनया म्हणाली. मान तिने वर केली नाही.

शालिनीने गाजराचा पुढचा तुकडा पात्यावर जरा जोरातच ढकलला. पोटच्या पोरीशी हिंदीत बोलायचं म्हणजे दर दुसऱ्या वाक्याला ठेच. रागावायला जावं तर रागाला धारच येत नसे. 'अब उठती है कि नहीं' म्हटलं की भाजीवाल्याशी घासाघीस चालल्यासारखं वाटायचं. लाडांचं तर नावच नको. सोनुलीला हिंदीत काय म्हणतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि बावीस सेक्टरच्या बाजारात ते ऐकूही येत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर हे सुरू झालं होतं. चौथीच्या वर्गशिक्षिका मिसेस बेदी यांनी आईबापांना शाळेत बोलावलं, चहा पाजला आणि वही पुढे ठेवली. फळ्यावरचा 'भ' विनयाने 'म' करून उतरवला होता. अधिकच्या खुणेची वजाबाकी झाली होती. काही ओळी तर होत्याच नाहीत.

"आप लोग घर पे कौन सी लैंग्वेज बोलते हैं?"

"मराठी," गुरुनाथ म्हणाला.

"देखा," बाई म्हणाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. उलट कनवाळूच होत्या, त्यामुळे त्यांचं खरं वाटलं. "बच्ची तीन-तीन भाषाओं में फँस गई है. पूछो तो चुप. मार्च तक यही रहा, तो इसी क्लास में रोकना पड़ेगा."

त्या संध्याकाळी गुरुनाथने घरात मराठी बंद केली. तो सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत होता, उपकरणांची भिंगं बनवणाऱ्या विभागात. एखाद्या भागात बिघाड आहे असं दिसलं, की तो भाग काढून ठेवायचा, ही त्याची कामाची रीत. मराठी काढून ठेवली. त्या रात्रीपासून अंथरुणात सांगायच्या गोष्टी थांबल्या, कारण शालिनीच्या गोष्टींतली माणसं हिंदी बोलायला तयार होईनात. विनयानेही मागितल्या नाहीत. ती आधीच कमी बोलायची, आता आणखी कमी बोलू लागली. खाली राहणाऱ्या घरमालकीण बीजींकडे मात्र ती तासन्‌तास पंजाबीत बडबडायची, अगदी त्यांच्यासारखा 'हाय रब्बा' म्हणत. चौथी भाषा. याचा विचार करावा असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही.

आणि आता शाळेने दिलेलं हे तारामंडल. आकाशात स्वतः बघायचं, खरे तारे निवडायचे, जोडायचे, आपलं स्वतःचं तारामंडल काढायचं, त्याला नाव द्यायचं आणि त्याची गोष्ट सांगायची. चांगले चार्ट प्रदर्शनात लागणार होते. 'इसके मार्क्स मैं जोड़ूँगी,' असं बाईंनी मुद्दाम कळवलं होतं. म्हणजे एक संधी दिली होती.

सायकल जिन्याखाली लावून गुरुनाथ वर आला, मफलर सोडता सोडता चार्टपाशी उकिडवा बसला आणि चष्मा पुसून पाहू लागला.

"बेटा, तारा मतलब बिंदु," तो म्हणाला. "वो बहुत दूर होता है ना? तो कितना भी बड़ा हो, बिंदु ही दिखेगा."

"ऐसे नहीं दिखते," विनया म्हणाली.

त्याने ग्राफपेपर घेतला, पेन्सिलीला टोक केलं आणि सुईने टोचावेत असे पाच ठिपके काढले. विनयाने कागद नाकाशी धरून पाहिला.

"किताब दूर," आईबापांनी एकदमच म्हटलं. ही तिची जुनी खोड होती.

तिने कागद दूर केला, ठेवून दिला आणि पुन्हा आपल्या पाचव्या फुलाकडे वळली. गुरुनाथ चार्टकडे बघत बोटाने हवेत काहीतरी मोजत होता.

"ये व्याध होगा. ये रोहिणी, ये काक्षी, ऊपर ब्रह्महृदय. चार तो ठीक हैं." मग सगळ्यांत मोठ्या फुलावर बोट ठेवून, "लेकिन ये पाँचवाँ? यहाँ कोई तारा नहीं है, विनया."

"है."

"और नाम?" चार्टच्या खाली नावासाठी पट्टीने आखलेली जागा कोरी होती.

विनयाने त्या जागेकडे पाहिलं, मग आईकडे, आणि खडू डबीत ठेवून दिला.

गुरुनाथने शालिनीकडे नुसतंच पाहिलं. अलीकडे ते दोघं एकमेकांकडे असं पाहायचे. बोलायचं ते मुलगी झोपल्यावर बोलायचे, तेही कुजबुजत, आणि मराठीत.

*

रत्नप्रभावहिनींकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. त्यांचे यजमान मोठ्या इस्पितळात डॉक्टर, घर ऐसपैस, त्यामुळे शहरातल्या झाडून सगळ्या मराठी बायका त्या दिवशी तिथे जमायच्या आणि वर्षभराचं मराठी बोलून घ्यायच्या. शालिनी काळी चंद्रकळा नेसून, वर स्वेटर आणि त्यावर शाल घेऊन विनयासकट दारात पोचली.

"विनया बेटा, चप्पल उधर निकालो."

आतली कलकल थांबली. रत्नप्रभावहिनी तबक हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"हे काय गं शालिनी? पोरगी आत्तापासूनच पंजाब्याला दिलीस की काय?"

बायका खो खो हसल्या. शालिनीही हसली. मग तिळगूळ घेताना हळू आवाजात तिने कारण सांगितलं. हळू सांगितलेलं त्या खोलीत कोपऱ्यापर्यंत पोचलं.

"इश्श! मराठीने पोरं मठ्ठ होतात असं कोण म्हणतं?" वहिनी म्हणाल्या. "आमचा हेरंब आणि चित्रा दिवसभर मराठीत भांडतात नि इंग्रजीत पहिले येतात."

"हो ना," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. "भाषेचं काही नसतं हो. मुळात डोकं..." आणि पुढे त्या बाईंनी वाटाणे तोंडात टाकले.

शालिनीने लुटायला ठेवलेली प्लॅस्टिकची फणी पर्समध्ये टाकली आणि चेन दोनदा लावली. तिला भाषेचंच असायला हवं होतं. गेले दोन महिने ती मनातल्या मनात तेवढंच मागत होती, की असू दे, भाषेचाच दोष असू दे. कारण भाषेचा नसेल तर मग उरतं काय?

"काकू, मला अजून एक तिळगूळ," विनया स्वच्छ मराठीत म्हणाली.

"हिंदी में," शालिनी म्हणाली.

या वेळी कुणी हसलं नाही. वहिनींनी विनयाच्या ओंजळीत दोन ठेवले.

*

घरी येईपर्यंत अंधारलं होतं. आदल्या दिवशी पाऊस पडून गेल्याने धुकं नव्हतं आणि आकाश घासल्यासारखं लख्ख होतं. चार्ट सोमवारी द्यायचा होता. शालिनीने शाल सोडली नाही. विनयाचा हात धरून ती तशीच गच्चीवर गेली. नसलेला तारा पोरीने कुठून काढला, हे एकदा बघूच, असं तिने ठरवलं. चार खरे नि एक थापेचा, हे तिला कसंसंच वाटत होतं.

"दिखाओ. पाँचवाँ कौन सा?"

विनयाने डोळे बारीक केले आणि न चुकता बोट उचललं.

"वो. सबसे अच्छा वाला."

शालिनीने बोटाच्या रेषेत पाहिलं. पलीकडच्या गल्लीत सिद्धूंच्या छतावर कबुतरांची खुराडी होती. तिथे मांजर येऊ नये म्हणून सिद्धूंनी उंच बांबूला बल्ब टांगला होता. सगळ्या मोहल्ल्याला तो माहीत होता. उन्हाळ्यात त्यावरून भांडणं झाली होती.

"वो तो सिद्धू का बल्ब है!"

"बल्ब?" विनयाने पुन्हा पाहिलं. तिच्या आवाजात चोरी पकडल्याची खूण नव्हती. नुसतं आश्चर्य होतं. "बल्ब भी ऐसे ही दिखता है?"

शालिनीने बल्बवरून नजर हलवली. उत्तरेला अंधारात उंचावर कसौलीचे दिवे लुकलुकत होते. पाहुणे आले की पहिल्याच संध्याकाळी त्यांना गच्चीवर आणून दाखवायचे ते दिवे.

"विनया, वो पहाड़ पे लाइट दिखती है?"

"कौन सा पहाड़?"

"पहाड़. सामने. दिन में रोज दिखता है ना?"

"पहाड़ तो शिमला में होते हैं," विनया समजावून सांगितल्यासारखं म्हणाली.

शालिनीने मुलीचा हात सोडला. जिन्याच्या दारावर दिवा होता. ती पाठमोरी न होता तशीच मागे मागे सरकत त्याच्या उजेडात जाऊन उभी राहिली. शाल खांद्यावरून घसरली, ती तिने घसरू दिली. हात वर केला.

"विनू, माझ्याकडे बघ. किती बोटं आहेत गं?"

विनया डोळ्यांच्या फटी करून बघत राहिली. आई मराठीत बोलली, याचाच ती आधी विचार करत असावी.

"हाथ उठाया है क्या आपने?"

शालिनी गच्चीच्या कठड्यावर बसली. फळ्यावरचा 'भ'. अधिकची उभी रेघ. नाकाला लावलेलं पुस्तक. किताब दूर, किताब दूर. तिला हसू फुटलं. ते हसू आहे की दुसरं काही, हे तिचं तिलाच कळेना, आणि ते थांबेना.

"शालिनी! की होया?" खालून बीजींनी हाक मारली.

"कुछ नहीं, बीजी!" कठड्यावरून वाकून ती ओरडली. "इसको दिखता नहीं! बिलकुल नहीं दिखता!"

इतक्या आनंदाने ही बातमी ऐकून बीजी घाबरल्या आणि गुडघे धरत, वाहेगुरूचं नाव घेत दोन मजले चढून आल्या.

*

गुरुनाथने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लहानमोठी अक्षरं काढली, ते खिळ्याला टांगलं आणि विनयाला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं केलं. तिला पहिलं अक्षर आलं. दुसऱ्याच्या वेळी ती म्हणाली, "कुछ है." तो तिला एकेक फरशी पुढे आणत गेला, आणि ती भिंतीला जवळजवळ टेकली तेव्हा तिने सगळ्यांत खालची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली.

तो कॅलेंडरकडे तोंड करून उभा राहिला.

"दिवसभर मी भिंगं तपासतो," तो म्हणाला. "केसाएवढा ओरखडा असला तरी परत पाठवतो. आणि माझ्याच घरात..."

"आता पुरे हं," शालिनी म्हणाली. तिने डोळे पदराने पुसले आणि त्याच पदराने गरम पातेलं उतरवलं. "रडायचं काय त्यात? नुसता चष्मा लागलाय. तुम्हाला नाही का?"

"मला बारावं लागल्यावर लागला."

"मग ती हुशार आहे तुमच्यापेक्षा. लवकर लागला."

तो हसला. डोळे ओलेच होते. मग त्यांच्या लक्षात आलं, की विनया दोघांच्या मध्ये उभी राहून एकदा आईकडे नि एकदा बापाकडे बघते आहे.

"अब मराठी अलाउड है?"

शालिनीने नवऱ्याकडे पाहिलं. गुरुनाथ म्हणाला, "आहे. पक्का."

विनया आत गेली. चार्ट ओढत घेऊन आली, पालथी पडली, खडू ओला केला आणि आखलेल्या कोऱ्या जागेत, एकही अक्षर न अडखळता, नाव लिहिलं. *विळी.*

"अगं, मग इतके दिवस का नाही लिहिलंस?"

"हिंदीत विळीला काही म्हणतच नाहीत," विनया म्हणाली. "बीजींना पण विचारलं. त्या म्हणाल्या, वो पैर से पकड़ने वाली खतरनाक चीज़?" मग तिने बोट फिरवून दाखवलं. "हा पाट. हे पातं. आणि ही पुढची खवणी, खोबऱ्याची. म्हणून ती सगळ्यांत मोठी, दातेवाली."

"आणि गोष्ट?"

"आकाशात एक आई असते. ती रोज संध्याकाळी विळीवर बसून चंद्राची एक फोड चिरते. म्हणून तो कमी कमी होतो."

"मग परत मोठा कसा होतो?" गुरुनाथने विचारलं. असं विचारल्याशिवाय त्याला राहवलंच नसतं.

विनयाला बापाच्या अज्ञानाची गंमत वाटली. "बाजारातून आणतात ना," ती म्हणाली.

*

बावीस सेक्टरच्या चष्मेवाल्याकडून चष्मा घालून विनया बाहेर पडली ती पायरीवरच थांबली. रस्ता सरळ उत्तरेला जात होता, आणि त्याच्या टोकाला, घरांच्या वर, निळी-जांभळी रांग उभी होती.

"आई, ते काय आहे?"

"डोंगर."

"इथे? आपल्या इथे?" ती रागावल्यासारखी म्हणाली. "आधी का नाही सांगितलंस?"

त्या आठवड्यात शालिनीने तिळगुळाचे उरलेले लाडू घरोघर वाटले. नऊ वर्षांच्या मुलीला चष्मा लागला म्हणून कुणी लाडू वाटल्याचं रत्नप्रभावहिनींच्या ऐकिवात नव्हतं. "एवढ्यात चष्मा? मुलीची जात, पुढे कसं गं?" त्या कळवळून म्हणाल्या.

"पुढे सगळं स्पष्ट दिसेल, वहिनी," शालिनी म्हणाली आणि त्यांच्या हातावर आणखी एक लाडू ठेवला.

गच्चीवर मात्र वेगळंच होऊन बसलं. चष्म्यातून विनयाला तारेच तारे दिसले, बापाने सांगितले होते तसे, सुईने टोचल्यासारखे. आणि सिद्धूंचा बल्ब बांबूसकट दिसला. गुरुनाथने जवळपासचे दोन-तीन खरे तारे सुचवले. खवणीसाठी त्यातला एखादा चालला असता. विनयाने ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, आणि न घालता थोडा वेळ तशीच आकाशाकडे बघत बसली. चार्टला तिने हात लावला नाही. तो तसाच, झेंडूच्या फुलांसकट, शाळेत गेला.

*

प्रदर्शनाच्या दिवशी वर्गाच्या भिंती काळ्या चार्टांनी भरल्या होत्या. पतंग होते, ट्रॅक्टर होते, तीन-चार विमानं होती. सगळ्यांचे तारे पाच टोकांचे, पट्टीने काढलेले. विळी खिडकीजवळ होती. मिसेस बेदी तिच्यासमोर उभ्या होत्या.

विनया आता पहिल्या बाकावर बसत होती, आणि तसं बसायची गरजही उरली नव्हती. बाईंनी शालिनीचा हात हातात घेतला. "मैं समझती रही कि..." त्या म्हणाल्या. शालिनीने पुढचं बोलू दिलं नाही. "हम भी वोही समझे," ती म्हणाली. मग बाईंनी चार्टवरचं नाव वाचलं. विळी. अगदी बरोबर वाचलं. त्यांच्या पंजाबीतही ळ आहे, हे शालिनीला त्या दिवशी कळलं.

"बड़ी सोहणी कहानी है," बाई म्हणाल्या आणि गुरुनाथकडे वळल्या. "पर सबनीस साहब, आप तो साइंटिस्ट हैं, आप बताइए. मैंने शर्त रखी थी कि तारे असली हों." त्यांनी सगळ्यांत मोठ्या फुलाकडे बोट केलं. "ये वाला कौन सा है? मुझे किताब में नहीं मिला."

या माणसाने शालिनीच्या माहेरच्या लग्नपत्रिकेतली तिथी सगळ्यांसमोर दुरुस्त केली होती.

गुरुनाथने चष्मा काढला. रुमालाने एक काच पुसली, मग दुसरी. विनया त्याच्याकडे बघत होती. तिच्या नव्या काचांत खिडकीचा उजेड होता आणि त्यामुळे डोळे दिसत नव्हते. त्याने चष्मा परत घातला, चार्टजवळ गेला, आणि एखादं भिंग पास करण्याआधी बघावं तसं ते फूल नीट बघितलं.

"हमारे छत से दिखता है, मैडम," तो म्हणाला. "रोज दिखता है."